चाकांचा आवाज

नागपूर-रायपूर राष्ट्रीय महामार्ग आपल्या जिल्ह्यात भंडारा, लाखनी, साकोली असा जातो. रस्त्याकाठच्या घरात रात्री अभ्यासाला बसले की ट्रक दिसण्याआधी त्याची घरघर ऐकू येते. तिचा सारा दोष मी बरीच वर्षे इंजिनाला देत होतो. पण ट्रक भरधाव असला की मोठा वाटा टायरांचा असतो. टायरवरच्या नक्षीचे ठोकळे डांबरावर आपटतात. खाचांत कोंडलेली हवा दाबली जाऊन फटकन बाहेर पडते. टायर आणि रस्ता यांमधली पाचरीसारखी जागा हा आवाज कर्ण्याप्रमाणे वाढविते.

तो मोजावयाचा कसा? युक्ती साधी आहे. गाडीला वेग देऊन इंजिन बंद करतात व तिला तशीच धावू देतात. मार्गाच्या मध्यरेषेपासून ७.५ मीटरवर, १.२ मीटर उंचीवर ध्वनिग्राहक ठेवतात. मग उरतो तो चाकांचाच आवाज. २००० सालच्या नियमांप्रमाणे निवासी वस्तीत रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल आहे.

उपाय म्हणून झाडांची रांग सुचविली जाते. झाडे अवश्य लावावीत, पण सावलीसाठी! विरळ रांगेतून आवाज सहज पार होतो. चाके नजरेआड करणारी भरीव भिंत मात्र पाचेक डेसिबल तोडते. सच्छिद्र डांबरी थरात कोंडलेल्या हवेला वाट मिळते. पण ती छिद्रे मातीने बुजतात, आणि आपल्याकडे धानाच्या बांध्यांतून रस्त्यावर येणाऱ्या ट्रॅक्टरांच्या चाकांना चिखलाची वाण नाही. तेव्हा वस्तीजवळ वेग आवरणे हाच स्वस्त उपाय. वेग निम्मा झाला, तर टायरांचा आवाज सुमारे नऊ डेसिबलांनी उतरतो, म्हणजे कानाला जवळजवळ अर्धा वाटतो.