नव्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून

अपघातानंतर बदललेला फेंडर किंवा दरवाजा बहुधा काळा येतो. तो काळा थर विजेच्या साहाय्याने चढवलेल्या प्रायमरचा, साधारण 20 मायक्रॉन जाडीचा असतो. थिनरच्या फडक्याने तो विरघळला, तर तो निव्वळ वाहतुकीपुरता समजावा आणि काढून टाकावा. पक्का असेल तर खरवडू नये, हलका पॉलिश पेपर मारून त्यावरच इपॉक्सी प्रायमर द्यावा. खरा धोका वेल्डिंगच्या जागी असतो. उष्णतेने तिथला थर जळतो, म्हणून सांध्यात आधी जस्तयुक्त प्रायमर लावतात; जस्त स्वतः झिजून लोखंड वाचवते. मग शिवणींत सीलर, आणि रंगकामानंतर पोकळ भागांत मेण. कोकणच्या खाऱ्या हवेत ते टाळूच नये. दाराच्या तळाची निचऱ्याची भोके मात्र उघडी हवीत. ती बुजली की पाणी साचून पत्रा आतून सडतो.