बेडकाच्या नावाचा पोस्टमन

समजा तुम्ही जागरण करून निबंध लिहिलात आणि सहामाही संपताच शाळेने तुमची वही कोरी करून टाकली तर? पोटात गोळा आला ना!

अमेरिकेत न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठ आहे. १९८० च्या सुमारास तिथल्या विद्यार्थ्यांवर असंच संकट आलं होतं. सगळ्यांचं काम मेनफ्रेमवर, म्हणजे एका मोठ्या सामाईक कॉम्प्युटरवर चाले. त्यात प्रत्येकाच्या वाट्याला जागा इवलीशी आणि सत्र संपलं की फायली ठेवायची सोय नाही!

टेबलावर मावणारे छोटे कॉम्प्युटर तेव्हा नुकतेच येऊ लागले होते. त्यांच्या फ्लॉपीवर फाईल उतरवली की ती आपल्याजवळ राहील. पण उतरवायची कशी? दोन्ही यंत्रांमध्ये होती फक्त एक तार, नाहीतर टेलिफोनची लाईन. लाईनमध्ये खरखर झाली की अक्षर बदलायचं. शिवाय दोघांची भाषा वेगळी असू शकते. पीसीच्या लेखी कॅपिटल ‘ए’ म्हणजे ६५, तर आयबीएमच्या मेनफ्रेमच्या लेखी १९३!

१९८१ मध्ये विद्यापीठातल्याच फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी यावर तोडगा काढला. त्याचं नाव ‘कर्मिट’. टीव्हीवरच्या ‘मपेट शो’मध्ये एक हिरवा बेडूक होता, त्याचं हे नाव!

आता याची गंमत पाहा. कर्मिट सुरू केला की पीसी आधी टर्मिनलचं सोंग घेई. टर्मिनल म्हणजे मेनफ्रेमला जोडलेला नुसता पडदा आणि कीबोर्ड. या सोंगात मेनफ्रेममध्ये शिरायचं, तिथल्या कर्मिटला ‘सेंड’ म्हणजे ‘पाठव’ सांगायचं. मग पीसीकडे परत येऊन इथल्या कर्मिटला ‘रिसीव्ह’ म्हणजे ‘घे’ म्हणायचं. बस्स! पुढचं दोघे कर्मिट बघून घेत.

पाठवणारा फाईलचे छोटे तुकडे करी. प्रत्येक तुकड्यावर क्रमांक घाली आणि शेवटी बेरजेवरून काढलेली एक खूण लावी. समजा, तुकड्यात ‘सी’, ‘ए’, ‘टी’ ही अक्षरं आहेत. पीसीच्या भाषेत त्यांचे आकडे ६७, ६५ आणि ८४. बेरीज झाली २१६. पलीकडचा कर्मिट पुन्हा बेरीज करून खूण ताडून पाही. जुळली तर ‘मिळालं!’ नाही जुळली तर ‘पुन्हा पाठव!’ काहीच उत्तर आलं नाही, तरी थोडं थांबून तोच तुकडा पुन्हा जाई. आकड्यांची भाषा बदलायचं काम मेनफ्रेमवरचा कर्मिट करी.

आज तुम्ही मोबाईलवरून मामाला फोटो पाठवता, तोही असाच तुकड्या-तुकड्यांनी जातो. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो. ‘मला नीट मिळालं नाही, परत सांग’ असं म्हणायला यंत्रं लाजत नाहीत. म्हणून तर फोटो धड पोचतो! वर्गात काही कळलं नाही की आपणही तसंच विचारायला हवं, नाही का?

जाता जाता एक कोडं. ‘सी-ए-टी’ची अक्षरं उलटसुलट होऊन ‘ए-सी-टी’ झालं, तर नुसत्या बेरजेने चूक पकडता येईल का? करून बघा. बेरीज तीच येते! म्हणूनच कर्मिटमध्ये याहून कडक तपासणीचीही सोय होती. अक्षरांची जागासुद्धा हिशेबात येईल अशी एखादी युक्ती तुम्हाला सुचते का? सुचली तर आईबाबांना दोन आकडी संख्या देऊन त्यांची परीक्षा घ्या!