काचेआडची काच

हेल्मेट घरी आलं तेव्हा मिरचीचा सीझन ऐन भरात होता. दोंडाईचा आणि मिरची हे नातं तुम्हाला ठाऊक असेलच. जानेवारीत आमच्याकडे येणारा पाहुणा आधी शिंकतो आणि मग 'कसे आहात?' विचारतो. तर अशा ठसकेबाज माहोलमध्ये माझ्या धाकट्या चुलतभावाने गोणीवरच खोकं ठेवून उघडलं. आतून निघालं काळंभोर फुल-फेस हेल्मेट आणि त्याला निळी-जांभळी, आरशासारखी चमकणारी काच.

"ताई, इरिडियम! रेसिंग व्हायझर आहे, दुकानदार म्हणाला."

त्याचं झालं असं, की पुण्याकडे दोन आठवड्यांनी एक ट्रॅक डे होता. ट्रॅक डे म्हणजे पैसे भरायचे, आपलीच गाडी न्यायची आणि सिग्नल, म्हैस, ट्रॅक्टर यांच्याशिवाय मनसोक्त पळवायची. आमचे चिरंजीव स्विफ्ट घेऊन निघणार होते. मी पुण्यात फ्रीलान्सिंग करते, रेसिंगवर एक-दोन स्टोऱ्या केल्यात, म्हणून घरात माझी पदवी 'एक्सपर्ट'. मी फक्त एकच प्रश्न विचारला : "ही काच बघणार कोण?"

गंमत नाही. फॉर्म्युला वनच्या उघड्या गाडीत ड्रायव्हरचं हेल्मेट हीच त्याची ओळख. चमचमत्या काचेची फॅशन आपण तिथूनच उचलली. पण छप्पर असलेल्या गाड्यांचा मामला वेगळा. फोक्सवॅगनने २०१० मध्ये भारतात पोलो कप सुरू केला, पुढे एमिओ कप आला. कोल्हापूरचा ध्रुव मोहिते तिथे धावला. या गाड्या आठवून बघा. दिसतात ते दरवाजे, नंबर, स्टिकर. आतल्या माणसाने कुठली काच लावलीय हे त्याच्या आईलाही कळणार नाही!

बरं, लुकचं सोडा. खरा लोचा आहे प्रकाशाचा. उघड्या गाडीत डोळा आणि ट्रॅक यांच्यामध्ये एकच काच, हेल्मेटची. बंद गाडीत दोन. आपल्याकडच्या नियमाप्रमाणे गाडीच्या पुढच्या काचेतून किमान ७० टक्के प्रकाश आत यायला हवा. समजा तेवढाच येतो. त्यामागे ५० टक्के प्रकाश सोडणारं व्हायझर लावलं, तर डोळ्यापर्यंत पोचतात ३५ टक्के. गडद स्मोक काच ३० टक्केवाली असेल तर उरले २१. साधी पारदर्शक, नव्वदेक टक्केवाली लावा, ६३ मिळतात. आरशाचा मुलामा हा वरचा मेकअप. काच किती काळी, ते खालच्या रंगावर ठरतं. युरोपच्या ईसीई २२.०५ या हेल्मेट मानकात तर ८० टक्क्यांपेक्षा कमी प्रकाश सोडणाऱ्या व्हायझरवर 'फक्त दिवसा वापरा' अशी खूण सक्तीची होती. आमच्या इरिडियमवर कसलीच खूण नव्हती. ना मानक, ना टक्केवारी. नुसता ड्रॅगन.

भाऊ ऐकेना. "ट्रॅक डे दिवसाच असतो." म्हटलं, चल, टेस्ट घेऊ. संध्याकाळी साडेसहाला त्याला स्विफ्टमध्ये बसवलं, काचा वर, हेल्मेट डोक्यात. समोर फाटकापाशी सात गोण्या, प्रत्येकीवर रंगाने नंबर. काच वर करून त्याने सातही वाचले. काच खाली केल्यावर तीन. चौथ्याला '८' च्या जागी '३' म्हणाला, आणि मग स्वतःच गप्प झाला. देठं खुडणाऱ्या बायांमधून काकूंचा आवाज आला, "रातले काळा चष्मा लाईसन कोठे चालना रे?"

यापेक्षा नेमका रिव्ह्यू मला जमला नसता.

आता तुम्ही म्हणाल, रेसिंगवाले उन्हात काय करतात? गाडीच्या काचेवर वरच्या बाजूला गडद पट्टी लावतात. ड्रायव्हर मान किंचित खाली घालतो आणि सूर्य पट्टीमागे जातो. झाडाच्या सावलीत शिरलात की नजर पुन्हा स्वच्छ काचेतून. फारच ऊन असेल तर हलकी स्मोक काच. ल मांच्या २४ तासांच्या शर्यतीत त्याच ड्रायव्हरला भर दुपार, रात्र आणि समोरून येणारं पहाटेचं ऊन सगळंच भोगावं लागतं, तिथे रात्री पारदर्शकला पर्याय नाही. पिवळी काच मळभ असताना खाचखळगे ठळक दाखवते खरी, पण ती प्रकाश वाढवत नाही. आणि पोलराइज्ड काचेच्या नादी तर लागूच नका. बाजूच्या टफन्ड काचांवर ठिपक्यांची नक्षी दिसू लागते आणि डॅशबोर्डवरचा स्क्रीन कधीकधी चक्क काळा पडतो.

मग बंद गाडीत व्हायझर हवंच कशाला? प्रश्न रास्त आहे. १९७२ च्या फ्रेंच ग्रांप्रीत उडालेला दगड हेल्मुट मार्कोचं व्हायझर भेदून गेला आणि त्याचा डावा डोळा गेला. २००९ मध्ये हंगेरीत फेलिपे मासाच्या हेल्मेटवर पुढच्या गाडीची सुमारे ८०० ग्रॅमची स्प्रिंग आदळली. २०११ पासून व्हायझरच्या वरच्या कडेला झायलॉनची पट्टी आली ती त्यानंतरच. बंद गाडीत असले तडाखे बहुतेक वेळा पुढची काच झेलते. रॅलीत तर पुष्कळ जण बिनव्हायझरचं, उघड्या तोंडाचं हेल्मेट घालतात. शेजारी बसलेला नॅव्हिगेटर सतत बोलत असतो आणि उकाडाही जीव काढतो. पुण्याचे संजय टकले २०२५ ची डकार क्लासिक पूर्ण करून आले, त्या वाळवंटातल्या उकाड्याची नुसती कल्पना करा. सर्किटवरही काही जण काच वर करूनच चालवतात.

मला मात्र ते पटत नाही. कारण आग. छप्पर, पिंजरा, पट्टे, दरवाजा... बंद गाडीतून बाहेर यायला वेळ लागतो. २०२० मध्ये बहारीनला रोमाँ ग्रोजाँ सुमारे २८ सेकंद ज्वाळांत होता. गाडी उघडी होती, पण आग ती आगच. भाजले ते हात. बंद व्हायझरमागचा चेहरा वाचला.

आणि इथेच आमच्या हेल्मेटची खरी गोम निघाली. ते होतं बाइकचं. स्नेलच्या मानकांत 'एम' म्हणजे मोटरसायकल आणि 'एसए' म्हणजे कार रेसिंग. एसएमध्ये आगीची चाचणी असते, गाडीतल्या रोल केजवर डोकं आपटल्याचीही. एममध्ये या दोन्ही नाहीत. आतलं अस्तरच पेट घेणार असेल तर वरच्या काचेचा रंग कुठला, हा प्रश्नच फिजूल.

भावाने आयोजकांना फोन लावला. बाइकचं फुल-फेस चालेल, म्हणाले. तो खूश, मी नाही. रात्री जेवताना बरीच खडाजंगी झाली. एसए हेल्मेटची किंमत ऐकून काकांनी भाकरीचा तुकडा ताटात परत ठेवला. शेवटी तोडगा निघाला : पुण्यात माझ्या ओळखीच्या एका रेसरकडून त्या दिवसापुरतं एसए हेल्मेट उसनं आणायचं, त्यावर पारदर्शक काच, आत वाफ धरू न देणारा दुहेरी पडदा. ड्रॅगनवाली काच दुपारी बाइकवर मिरवायला.

उसनं हेल्मेट मी पुढच्याच आठवड्यात घेऊन गेले. ग्लोव्ह्ज घालून एका हाताने काच उघडता-मिटता आली पाहिजे, म्हणून त्याची अंगणातच प्रॅक्टिस सुरू झाली. पलीकडे कुणीतरी गोणी झटकली. तिखटाचा लोट येताना बघून त्याने झटकन काच मिटली, पण एक श्वास आत गेलाच होता. हेल्मेटच्या आत अशी काही सणसणीत शिंक दिली, की दुहेरी पडद्यानेही हात टेकले. काच पांढरीफट्ट!

"ताई, काहीच दिसत नाही."

"एक खाच वर कर," मी म्हटलं.

त्याने केली. हळूहळू वाफ विरली आणि तो मोठ्याने गोण्यांचे नंबर वाचू लागला.