अंगठ्याचा ठसा, पिन आणि पहिला तास

गुरांच्या बाजारात उपरण्याखाली बोटे धरून सौदा करणारा शेतकरी सहसा फसत नाही. समोरच्या हेड्याचा चेहरा, त्याची घाई, म्हशीचे दात आणि कास हे सर्व तो डोळ्यांनी पारखून घेतो. मोबाईलवर यांतले काहीच दिसत नाही. दिसतो तो एक फोटो आणि ऐकू येतो एक गोड आवाज. म्हणून शेतकरी कुटुंबाचा बँकेतील पैसा कोणकोणत्या वाटांनी बाहेर जातो, हे आपण नीट समजून घेतले पाहिजे.

बँकेतून पैसे काढावयाचे तर चोराला आपल्याकडून काहीतरी लागतेच. आपला पिन, मोबाईलवर येणारा ओटीपी किंवा आपल्या बोटाचा ठसा. पिन आणि ओटीपी यांबद्दल आता बरेच बोलले जाते. ठशाबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही, आणि खेड्यात तर आपण तोच सर्वांत जास्त वापरतो.

गावातल्या सेवा केंद्रात किंवा बँकेच्या प्रतिनिधीकडे आधारवर पैसे काढताना आपण बँकेचे नाव आणि आधार क्रमांक सांगतो आणि यंत्रावर बोट ठेवतो. एका वेळी दहा हजारांपर्यंत रक्कम हातात येते. ना पिन, ना ओटीपी, ना पासबुक. लिहिता-वाचता न येणाऱ्या वृद्धांची यामुळे मोठी सोय झाली, हे मान्यच केले पाहिजे. पण याचा दुसरा अर्थ असा की, ज्याच्याकडे आपला आधार क्रमांक आणि ठशाची नक्कल आहे, त्याला आणखी काही विचारले जात नाही.

ठशाची नक्कल होते कशी? जमिनीच्या खरेदीखतावर आपण अंगठा उठवतो. पुढे तो दस्त नोंदणी खात्याच्या संगणकावर चढतो. तेलंगणात २०१८ साली अशाच दस्तांवरील ठसे रबरावर उठवून सिमकार्डे चालू केल्याचे उघडकीस आले. २०२३ साली बेंगळुरूत अनेकांच्या खात्यांतून परस्पर पैसे गेले, तेव्हा कर्नाटकच्या नोंदणी खात्याच्या ‘कावेरी’ प्रणालीतील दस्तांवरून ठसे घेतल्याचे तपासात दिसले. त्याच वर्षी आधार प्राधिकरणाने बोट जिवंत माणसाचे आहे की रबराचे, हे ओळखणारी तपासणी सुरू केली. बंदोबस्त वाढला हे खरे, तरी आपले कुलूप आपण लावलेले बरे.

ते कुलूप आहे, आणि फुकट आहे. आधारच्या ॲपवर किंवा संकेतस्थळावर ‘बायोमेट्रिक लॉक’ अशी सोय असते. ती चालू केली की बोट, डोळे आणि चेहरा यांवरून कोणताच व्यवहार होत नाही. अस्सल बोटानेही नाही आणि नकलीनेही नाही. त्यासाठी मोबाईल क्रमांक आधारला जोडलेला हवा. काही अडल्यास १९४७ हा आधारचा क्रमांक आहे. मात्र रेशन दुकानात किंवा पैसे काढावयास जाण्यापूर्वी कुलूप थोड्या वेळासाठी उघडावे लागते, नाहीतर रांगेत उभे राहून रिकाम्या हाताने परत यावे लागेल. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी आपल्या शाखेत जाऊन, खात्यावरील आधारने पैसे काढण्याची सोय बंद करता येते काय, हे विचारावे.

ठशाची दुसरी चोरी याहून साधी आहे. त्यात रबरही लागत नाही. ‘सर्व्हर गेला, बोट पुन्हा ठेवा,’ असे केंद्रातला माणूस सांगतो. पहिल्याच वेळी पैसे निघालेले असतात. दुसऱ्या वेळचे त्याच्या खिशात जातात. सर्वच केंद्रचालक असे नसतात, बहुतेक प्रामाणिकच असतात. तरी दुसऱ्यांदा बोट ठेवण्यापूर्वी पहिला व्यवहार फसल्याची पावती मागावी आणि मोबाईलवर संदेश आला का तेही पाहावे. अनेक घरांत बँकेला दिलेला क्रमांक जुन्या सिमचा असतो किंवा परगावी राहणाऱ्या मुलाचा असतो. मग संदेश येतो, पण आपल्यापर्यंत पोचत नाही. आमच्या मते या आठवड्यातच शाखेत जाऊन क्रमांक बदलून घ्यावा.

आता पिनकडे वळू. समजा, आपण म्हैस विकावयाची म्हणून तिचा फोटो मोबाईलवर टाकला. तासाभरात फोन येतो. बोलणारा स्वतःला सैन्यातला म्हणवतो, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. आमच्या बेळगाव भागात घरोघरची माणसे मराठा रेजिमेंटमध्ये गेलेली; सैनिकावर संशय घेणे आपल्या जिवावर येते. चोर नेमके हेच हेरतो. तो म्हैस न पाहताच भाव कबूल करतो, घासाघीस करीत नाही (इथेच आपण सावध व्हायला हवे, कारण न पाहता म्हैस घेणारा गिऱ्हाईक आजवर कोणी पाहिला?), आणि विसार म्हणून पाच रुपये खरोखरच पाठवतो. विश्वास बसतो. मग एक क्यूआर कोड येतो: ‘हा स्कॅन करा, पिन घाला, बाकीचे पैसे जमा होतील.’ आपण पिन घालतो आणि आपल्याच खात्यातले पैसे जातात. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो फक्त देण्यासाठी. एका माणसाने दुसऱ्याकडे पैशांची मागणी पाठवण्याची यूपीआयवरील सोय १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली, पण कोड पाठवून फसवणे त्यामुळे थांबलेले नाही.

तिसरी वाट व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फाइलची. नाव ‘पी.एम. किसान यादी’ असते, ‘ट्रॅक्टर अनुदान’ असते, कधी चक्क लग्नपत्रिका असते. शेवटी ‘एपीके’ अशी अक्षरे असतात. ही यादीही नव्हे आणि पत्रिकाही नव्हे, हे एक ॲप आहे. ते बसवून परवानग्या दिल्या की आपले संदेश, ओटीपीसकट, गुपचूप चोराकडे जातात. वर आपल्याच नावाने तीच फाइल नातेवाइकांना जाते. म्हणून ती पॅरिशच्या गटावर ओळखीच्या माणसाकडून आली तरी भरवसा ठेवू नये. पी.एम. किसानचे वर्षाला सहा हजार रुपये दोन-दोन हजारांच्या तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, त्यासाठी अशी फाइल लागत नाही. चुकून उघडलीच तर इंटरनेट बंद करून सिम काढावे आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवावे.

‘डिजिटल अटके’ची भीती घालणाऱ्यांविषयी एवढेच की, कायद्यात अशी अटक नाही. फोन ठेवून द्यावा.

पैसे गेलेच तर पहिला तास मोलाचा. १९३० हा केंद्रीय गृहखात्याच्या यंत्रणेचा मदत क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पुढच्या बँकांना कळवले जाते आणि चोराच्या खात्यात अजून पडून असलेली रक्कम रोखता येते. चोर ती एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात हलवत असतो; म्हणून घाई. खाते क्रमांक, व्यवहाराचा क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवून फोन करावा. नंतर सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करावी किंवा पोलीस ठाण्यात जावे.

पुष्कळ घरांत हा तास रडण्यात आणि लपवण्यात जातो. सुनेला सासूची भीती, म्हाताऱ्याला मुलाची. ‘तुला कळत कसं नाही?’ हा प्रश्न घरच्यांनी संध्याकाळपर्यंत राखून ठेवावा आणि आधी फोन लावावा.

बँकेलाही त्याच दिवशी लेखी कळवावे. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरात, असे ठरवले की चूक ग्राहकाचीही नाही आणि बँकेचीही नाही, अशा व्यवहाराची खबर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत दिल्यास नुकसान ग्राहकावर पडू नये. परस्पर ठसा चोरीला गेलेल्या माणसाला याचा आधार घेता येतो. पिन स्वतः सांगणाऱ्याचे मात्र, बँकेला कळवेपर्यंत गेलेले पैसे त्याचेच गेले, असे धरले जाते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शाखेचा शिक्का, तारीख आणि वेळ घेण्यास विसरू नये; दिवसांचा हिशेब करताना तोच कागद दाखवावा लागतो.