मोटारीच्या पुढील आंसाची काढघाल

वर्धा जिल्ह्याची काळी माती पावसांत मोटारीच्या तळाला चिकटून बसते. १९८३ सालीं आलेल्या मारुती ८०० सारख्या गाड्यांत यंत्राची शक्ति पुढच्याच चाकांना मिळते. ती पोंचविणाऱ्या दोन आंसांच्या सांध्यांवर ग्रीस भरलेले रबरी बूट असतात. बूट फाटला, कीं ग्रीस गळतें, चिखल आंत शिरतो आणि आंस काढणें भाग पडतें.

चाकें जमिनीवर असतांनाच मधला नट सैल करावा. उचललेल्या गाडीवर तसा जोर करणें धोक्याचें. मग गाडी केवळ जॅकवर न ठेवतां भक्कम घोड्यांवर टेकवावी. चाक व गिअरचें तेल काढून खालचा बॉलजॉइंट सोडवावा. आंसाचें बाहेरचें टोंक मोकळें करून आंतला सांधा पहारीनें हलकेच उचकावा. दांडा ओढल्यास सांधा निखळतो.

बसवितांना आंतल्या टोंकाला नवी कडी घालावी, तेल अडविणाऱ्या सीलला ओरखडा येऊं देऊं नये. कडी खट्‌कन् बसली पाहिजे. चाकें जमिनीवर आल्यावर नट ठरल्या बळानें आवळावा व तेल भरावें.

श्रोत्यांनीं एवढें ध्यानांत ठेवावें : बूट फाटतांच बदलला, तर सांधा वांचतो; वळणावर कटकट ऐकूं येईपर्यंत थांबल्यास सांधाच बदलावा लागतो.