चित्र आणि तह

टिपू सुलतानाच्या दोन कोवळ्या पुत्रांना लॉर्ड कॉर्नवॉलिस हाती धरून स्वीकारतो. १७९२ मधील या प्रसंगाचे कोरीव छापचित्र मी अनेकदा न्याहाळले आहे. ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या अशा छापचित्रांनी विजेत्याला वत्सल पालक ठरवले. ही मुले ओलीस होती, हे मात्र त्या वात्सल्याआड झाकले जाते. श्रीरंगपट्टणच्या तहाने टिपूला निम्मे राज्य आणि तीन कोटी तीस लाख रुपये द्यावे लागणार होते. त्याचे वाटेकरी कंपनीबरोबर निजाम आणि मराठेही होते. मुले १७९४ मध्ये परतली.

प्रशासनात मी एक धडा शिकलो: समारंभाचे छायाचित्र पाहण्यापूर्वी कराराची कलमे वाचावीत. पाठ्यपुस्तकात असे चित्र छापताना त्याखाली तहाच्या अटीही द्याव्यात. अन्यथा विद्यार्थ्यांच्या हाती इतिहासाऐवजी विजेत्याची नजरच सोपवली जाईल.