पेटीतून आलेली गाडी

दिवाळी आली की आपल्याकडे घरोघरी दगडमातीचे किल्ले उभे राहतात. त्या किल्ल्यांची एक मौज आहे. महाद्वारापेक्षा दारावरचा भालदार उंच असतो, तोफेशेजारी तिच्या दुप्पट वाघ बसलेला असतो आणि पायथ्याशी पेरलेले अळीव बुरुजाच्या वर डोकावत असते. तरी पाहणाऱ्या कोणालाही त्यात काही खटकत नाही. प्रमाण हा त्या खेळाचा नियमच नव्हे!

मी ज्या छंदाविषयी लिहिणार आहे, त्याचा मात्र पहिला, मधला आणि शेवटचा नियम प्रमाण हाच आहे. मोटारी, विमाने, जहाजे, रणगाडे यांच्या हुबेहूब लहान प्रतिकृती सुट्या भागांतून जोडण्याचा हा छंद. बाजारात त्याच्या पेट्या मिळतात. पेटी उघडली की आत प्लास्टिकच्या चौकटी असतात आणि झाडाच्या फांदीला कैऱ्या लटकाव्यात तसे शेकडो भाग त्या चौकटींना लटकलेले असतात. एकेक भाग कापायचा, कानशीने घासायचा, जोडायचा, रंगवायचा. ऐकायला सोपे, पण चिमटीत न मावणारा दाराचा दांडा खाली पडला म्हणजे घरातली सगळी माणसे फरशीवर ओणवी होतात.

पेटीवर १/७२ किंवा १/३५ असा आकडा असतो. १/७२ याचा अर्थ सहा फुटी माणूस बरोबर एक इंचाचा. १/३५ या आकड्याची जन्मकथा मात्र गमतीची आहे. १९६०च्या दशकाच्या आरंभी जपानच्या टामिया कंपनीने जर्मन पँथर रणगाड्याची मोटरवर चालणारी प्रतिकृती काढली. तिच्या पोटात मोटर आणि बॅटरीचे सेल मावले पाहिजेत, म्हणून जो आकार ठरला तो मोजून पाहिला तर मूळ रणगाड्याच्या सुमारे पस्तिसावा हिस्सा निघाला. पुढे साऱ्या जगाने तेच प्रमाण उचलले. कधीकधी शास्त्र असे सेलच्या मापाने ठरते!

रणगाडा का नाही?

हा छंद करणारे बहुतेक लोक विमाने आणि रणगाडे करतात. माझ्या टेबलावर मात्र दुसऱ्या महायुद्धातला एक माल वाहणारा ट्रक आहे आणि तोही दिसायला काही देखणा नव्हे. नाक चपटे, बॉनेट अगदी आखूड, आणि समोरची काच उलटी, म्हणजे वरची कड पुढे झुकलेली आणि खालची मागे गेलेली. एखाद्या आडदांड माणसाने कपाळाला आठ्या घालून बघावे तसा त्याचा चेहरा! मानखुर्दच्या आमच्या खोलीत येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो, “एवढे कष्ट घ्यायचे, तर जरा चांगली गाडी नाही का मिळाली?”

याचे उत्तर एका छायाचित्रात आहे. माझे वडील १९४२ साली साताऱ्याकडून लष्करात भरती झाले, ते ड्रायव्हर म्हणून. रॉयल इंडियन आर्मी सर्व्हिस कोअर हे त्यांच्या दलाचे नाव. युद्धानंतर ते मुंबईस आले आणि निवृत्त होईपर्यंत त्यांनी गाडीच चालवली. १९८७ साली ते वारले. त्यांच्या ट्रंकेत दोन धोतरे, एक हिशेबाची वही आणि पत्त्याच्या पानाएवढे एक छायाचित्र निघाले. त्यात मडगार्डला टेकून उभे असलेले वडील आहेत आणि पाठीमागे हीच चपट्या नाकाची गाडी आहे. मागे पेन्सिलीने लिहिले आहे, ‘मनीपूर रोड १९४४’. बस्स, एवढेच!

आमच्या घरात त्या युद्धाविषयी एक वाक्य मात्र कायमचे वस्तीला होते. माझे थोरले चुलते मराठा पलटणीत होते आणि इटलीत लढले होते. त्यांचा अभिमान काही पोकळ नव्हता. त्याच रेजिमेंटच्या नाईक यशवंत घाडगे यांना मरणोत्तर आणि शिपाई नामदेव जाधव यांना इटलीतल्या पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला आहे. दिवाळीच्या फराळाला सगळे जमले म्हणजे युद्धाच्या गोष्टी निघत आणि शेवटी चुलते हसून म्हणत, “आमचा धाकटा कुठे लढला? तो नुसता गाडी हाकत होता.” सगळे हसत. वडीलही हसत आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचीत राहत. थोरल्या भावाला उलट बोलण्याचा तो काळ नव्हता. माझ्या ताईच्या मनात मात्र ते वाक्य रुतून बसले. तिचा जन्म १९४४ सालचा. बाप तिने पहिल्यांदा पाहिला तो १९४६ साली. “दोन वर्षे बाप नसल्याचे कारण काय, तर गाडी हाकत होता!” असे ती पुष्कळदा बोलून दाखवी.

कॅनडाची गाडी, शिवडीचा कारखाना

ही गाडी कॅनडाची. फोर्ड आणि जनरल मोटर्स या एरवी एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या, पण युद्धासाठी त्यांच्या कॅनडातल्या कारखान्यांनी एकाच नमुन्याची गाडी बांधायला घेतली. १९४० साली फ्रान्समधून माघार घेताना ब्रिटिश सैन्याला आपली हजारो वाहने तिथेच टाकून यावे लागले होते आणि ती उणीव भरून काढण्यात कॅनडाचा वाटा फार मोठा होता. युद्ध संपेपर्यंत या नमुन्याच्या चार लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या. फोर्डच्या गाडीत आठ सिलिंडरचे इंजिन असे, शेव्हरोलेच्या गाडीत सहा सिलिंडरचे. बाहेरचा चेहरा मात्र सख्ख्या भावांसारखा.

त्या कुरूप चेहऱ्यालाही कारणे आहेत. नाक आखूड केले की तेवढ्याच लांबीच्या गाडीत मालाला जागा जास्त मिळते आणि जहाजावर ती जागा कमी अडवते. काच उलटी कशासाठी? उन्हात काच चमकली तर वरून जाणाऱ्या शत्रूच्या विमानाला गाडी दिसते. काच खाली झुकवली की चकाकी जमिनीकडे जाते. ही उलट्या काचेची केबिन १९४१-४२पासून आली. त्यामुळे वडिलांच्या छायाचित्रातली गाडी कोणत्या पिढीची, हे त्या काचेवरूनच उलगडते.

आता मला सर्वांत नवलाची वाटणारी गोष्ट सांगतो. या गाड्या समुद्रापार येत त्या बहुधा सुट्या भागांत, लाकडी पेट्यांत भरून! म्हणजे खरी गाडीसुद्धा पेटीतूनच आली आणि इथल्या कामगारांनी ती जोडली. जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला १९२८ साली मोटारी जोडण्याचा कारखाना काढला होता आणि तो १९५४ साली बंद झाला. गिरणगावाच्या शेजारी, आपल्याच माणसांच्या हातांनी युद्धाच्या गाड्या जोडल्या जात होत्या. हार्बर गाडीने मानखुर्दहून जाताना शिवडी स्टेशन लागले की मला आता त्या पेट्या आठवतात. मी चिमट्याने आणि सरसाने जे करतो, ते त्यांनी यारीने आणि पान्याने केले.

भारताने या गाड्या नुसत्या जोडल्या नाहीत. कॅनडाहून आलेल्या फोर्डच्या चासीवर आपल्याकडे चिलखती अंग चढवून ‘इंडियन पॅटर्न’ची चिलखती गाडी बनवली गेली. तिचे पोलाद जमशेदपूरच्या टाटांच्या कारखान्यातले, म्हणून सैनिक तिला ‘टाटानगर’ म्हणत.

चासीपासून टपापर्यंत

माझी पेटी पोलंडमध्ये तयार झालेली आहे. १/३५ प्रमाणातला तीन टनी शेव्हरोले. खऱ्या गाडीच्या पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर १५८ इंच; माझ्या गाडीत ते साडेचार इंच भरते. काम चासीपासून सुरू होते. दोन लांब तुळया, त्यांना आडव्या पट्ट्या, मग पाटे, मग आस. इथला सरस कागद चिकटवण्याच्या सरसासारखा नसतो. तो प्लास्टिकला क्षणभर विरघळवतो आणि दोन्ही भाग एकजीव करतो. एका परीने ते वेल्डिंगच म्हणायचे. म्हणून चासी वाकडी चिकटली तर ती जन्मभर वाकडी! सुकेपर्यंत ती काचेच्या तुकड्यावर सपाट दाबून ठेवावी लागते.

मग येतो गाडीचा खरा प्राण. गिअरबॉक्सच्या मागे आणखी एक छोटी पेटी बसते आणि तिच्यातून एक दांडा मागच्या आसाकडे, दुसरा पुढच्या आसाकडे जातो. इंजिनाची ताकद चारी चाकांना मिळते ती अशी. साध्या ट्रकची मागची चाके चिखलात रुतली की पुढची नुसती ओढ्यातल्या गोट्यासारखी पडून राहतात. इथे पुढचीही ओढ घेतात. हे दोन दांडे बसवताना मला वडिलांचे एक वाक्य आठवले. युद्धाविषयी त्यांनी माझ्याजवळ काढलेले तेवढे एकच वाक्य. “पावसात चारी चाकं फिरली पाहिजेत रे, नाहीतर मागच्या सगळ्यांची वाट अडते.” लहानपणी मला त्याचा अर्थ काहीच लागला नव्हता.

केबिन जोडताना आणखी एक कोडे सुटले. नाक आखूड म्हणजे इंजिन जाणार कुठे? ते केबिनच्या आत घुसते. ड्रायव्हर उजवीकडे, सोबती डावीकडे आणि दोघांच्या मध्ये तापलेल्या इंजिनाचा उंचवटा. ड्रायव्हरच्या डाव्या पायाला हलायला बोटभर जागा! माझे वडील बसमध्ये, गाडीत, इतकेच काय पण घरातल्या बाकावरही डावा पाय पोटाशी ओढून बसत. आई म्हणे, ही यांची जुनी खोड. ती खोड या केबिनने लावली होती.

रंगाचे काम मानखुर्दला सवडीने करावे लागते. तिन्ही अंगांनी खाडीची हवा. पावसाळ्यात वार्निश मारले तर ते पांढुरके पडते. म्हणून गर्द हिरवा रंग दिला तो दसऱ्यानंतरच्या कोरड्या हवेत. चिखलासाठी विलायती भुकट्या मिळतात, पण मी तुळशीवृंदावनाचा गेरू आणि चुलीची राख मिसळून वापरली. एक कवडीही लागली नाही आणि विलायती भुकटीपेक्षा चिखल खरा दिसतो!

मनीपूर रोड

दिमापूरच्या रेल्वे स्टेशनचे त्या काळचे नाव ‘मनीपूर रोड’. तिथून डोंगरातली सडक सुरू होई. ४६ मैलांवर कोहिमा आणि त्यापुढे इंफाळ. १९४४च्या मार्चअखेरीस जपानी सैन्याने ही सडक तोडली. इंफाळच्या खोऱ्यात सुमारे दीड लाख माणसे अडकली आणि त्यांना विमानांनी अन्न व दारूगोळा पुरवावा लागला. कोहिमाची भयंकर लढाई एप्रिलपासून जूनपर्यंत चालली. पाऊस सुरू झाला, दरडी कोसळू लागल्या. दिमापूरहून लढणाऱ्यांपर्यंत जे काही जाई, ते याच सडकेने. शेवटी २२ जून १९४४ रोजी १०९ व्या मैलाच्या दगडापाशी दोन्हीकडच्या फौजा भेटल्या आणि वाट मोकळी झाली.

वाट मोकळी झाली म्हणजे काय झाले? त्या वाटेवरून गाड्या जाऊ लागल्या! एका बाजूला दरी, दुसऱ्या बाजूला ठिसूळ डोंगर, आणि रांगेतली एक गाडी रुतली तर मागची सगळी रांग थांबे. पुढे तांदळाची, गोळ्यांची आणि औषधांची वाट पाहणारी माणसे. बंदूक चालवणारा शिपाई लढतो हे खरेच. पण त्याच्या पोटात भात आणि कमरेला काडतुसे कोणी आणून दिली? ‘नुसती गाडी हाकत होता’ या वाक्यातला ‘नुसती’ हा शब्द मी त्या दिवशी मनातल्या मनात खोडून टाकला.

मडगार्डावरचे चिन्ह

गाडी पुरी झाली तशी ताई पाहायला आली. तिने ऐंशी ओलांडली आहे आणि दृष्टी अधू झाली आहे. मी गाडी तिच्या हातात दिली. तिने उलटी काच चाचपली, चाके फिरवून पाहिली आणि विचारले, “बाबा कुठे बसायचे?” मी तिचे बोट उजव्या खिडकीशी नेले. इंजिनाचा उंचवटा दाखवला, पायाची जागा दाखवली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे काकांची गंमत बाबा ऐकून घेत होते, ते त्यांना उत्तर सुचत नव्हते म्हणून नव्हे.”

एक प्रश्न राहिला होता. लष्करी गाडीच्या मडगार्डावर डिव्हिजनचे चिन्ह असते. पाण्यात भिजवून चिकटवायची अशी चित्रे पेटीत येतात, पण माझ्या पेटीत एकही हिंदी चिन्ह नव्हते. हाताने रंगवता आले असते. सतराव्या हिंदी डिव्हिजनचे काळे मांजर किंवा पाचव्या डिव्हिजनचा लाल गोळा शोभूनही दिसला असता. ताईचा आग्रह मांजरासाठी होता. छायाचित्रात मात्र त्या जागी ऊन पडून नुसता पांढरा ठिपका उमटला आहे. मी म्हटले, “ताई, दुसऱ्याचे निशाण बाबांच्या गाडीवर नको.” तिला ते पटले. मडगार्ड कोरेच ठेवले आहे. मागच्या फळीवर मात्र, छायाचित्रामागे आहेत तीच अक्षरे बारीक कुंचल्याने लिहिली, ‘मनीपूर रोड १९४४’.

वाचकहो, दिवाळीच्या साफसफाईत तुमच्याही माळ्यावरच्या ट्रंका खाली येतील. त्यांत गणवेशातला एखादा आजोबा, कारखान्याच्या दारात उभा असलेला एखादा मामा, एखाद्या इंजिनाला टेकलेला चुलता सापडेल. चेहरा तर बघाच, पण त्याच्या पाठीमागे काय आहे तेही बघा. माणूस बोलला नसेल ते कधीकधी त्याची गाडी बोलते. आणि घरात कोणी जाणते माणूस अजून असेल, तर याच चार दिवसांत त्याला विचारून छायाचित्रामागे नाव, गाव आणि साल लिहून ठेवा. त्याला कसलीही पेटी विकत आणावी लागत नाही. एक पेन्सिल पुरते.